आधी कागद, मग पत्रा

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं, की एखाद्या गॅरेजसमोर नाहीतर चहाच्या टपरीशेजारी एक तरी छोटी गाडी उभी दिसते. मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत ‘विकणे आहे’ आणि खाली मोबाइल नंबर. अल्टो, वॅगन-आर, सँट्रो, इंडिका, जुनी स्विफ्ट, यातलीच कुठली तरी. चौकशीला थांबलेला माणूस आधी गाडीभोवती चक्कर मारतो. टायरला हलकी लाथ घालतो. आत बसून एसी आणि टेप लावून बघतो. चावी फिरवतो, ‘आवाज बरा आहे’ म्हणतो, भाव पाडून घेतो आणि पाच हजारांचं टोकन हातावर ठेवतो. मग निघता निघता विचारतो, “कागदपत्रं क्लिअर आहेत ना?”

“एकदम क्लिअर, मालक. डॉक्टरची गाडी आहे.”

हा क्रम उलटा करायला हवा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. लाख-दीड लाखाच्या गाडीचं इंजिन बसलं तर खर्च किती, हे फिटर बोनेट उघडून सांगू शकतो. कागद बसला तर त्याचा आकडा कुणालाच सांगता येत नाही.

गाडी इथवर येते कशी

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके. शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी. जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेकाठचं, सोलापूर आणि मनमाडच्या लोहमार्गांचं जंक्शन. इकडे रांजणगावची एमआयडीसी, तिकडे कुरकुंभची, आणि मधे ऊस, कांदा, दूध. पुणे दोन्हीकडून सत्तर-ऐंशी किलोमीटर. मोटारसायकलवर भागत नाही अशा वेळा इथं नेहमीच्या: म्हाताऱ्या आईला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं, लेकीला कॉलेजला सोडायचं, लग्नसराईत रात्री उशिरा परतायचं. उसाचं बिल खात्यावर आलं किंवा कंपनीत पोरगा कायम झाला, की दारात पहिली चारचाकी येते. ती बहुधा दुसऱ्याच्या हातची असते.

ती कुठून आली हे पाटी सांगते. एमएच-१२ पुण्याची, एमएच-१४ पिंपरी-चिंचवडची, एमएच-४२ बारामतीची. दौंड तालुका बारामती कार्यालयाकडे येतो. घोड ओलांडली की नगर जिल्हा, म्हणून शिरूरच्या बाजारात एमएच-१६ पासिंगही भरपूर. पाटीवरून गाडीची खोड ओळखता येते. शहरातल्या गाडीचे बंपर कोपऱ्यांवर खरवडलेले आणि क्लच सिग्नलला झिजलेला. वस्तीवरच्या गाडीचा वरचा रंग झकास, पण खालचा पत्रा दगडांवर घासलेला आणि मागची बाजू बसलेली, कारण तिनं कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या असतात. दुधाचे कॅन वाहिलेली गाडी तर वासानेच कळते. डिकीतलं मॅट उचललं की खाली पत्र्याला गंजाचे गोल वण दिसतात.

कोऱ्या फॉर्मवरची सही

आरसीवर नाव कुणाचं, हा पहिला प्रश्न. समोर उभा आहे त्याचंच असेल तर उत्तम. ‘मेहुण्याच्या नावावर आहे’, ‘मी घेतली, पण नावावर करायची राहिली’ असं उत्तर आलं, तर टोकनचा हात खिशातच राहू द्यावा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर नोंद मागायची असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे फॉर्म आहेत. एजंट लोक या जोडीला ‘टीटीओ’ म्हणतात. बाजारात मात्र वेगळीच पद्धत रुळली आहे. पहिला मालक कोऱ्या टीटीओवर सह्या करून देतो, आणि ते फॉर्म गाडीसोबत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हातात फिरत राहतात. प्रत्येकाला वाटतं, नावावर करण्याचा खर्च पुढचा करेल. शेवटी गाडी दौंडला, आरसीवरचा माणूस पिंपरीला, त्याचा मोबाइल बंद आणि फॉर्मवरची सही आता जुळत नाही.

असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून आपण मोकळे झालो, असं मानून बसलेल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, हाही तसाच गैरसमज. नोटरीचा कागद व्यवहाराचा पुरावा असतो, आरटीओची नोंद त्याने बदलत नाही. मालक वारला असेल तर वारसांनी नमुना ३१ भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, मग विकावी. सगळे वारस ‘हो’ म्हणताहेत हे तोंडी ऐकून पैसे देऊ नयेत.

आरसीवर पुढे बघायचं ते ‘एचपी’, म्हणजे कर्जाचा बोजा. गाडी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जावर घेतली असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि नमुना ३५ देऊन तो बोजा आरटीओत उतरवावा लागतो. बरेच जण हप्ते फेडतात, पण बोजा उतरवत नाहीत. मधल्या काळात ती पतसंस्था अवसायनात निघाली असेल, तर एका सही-शिक्क्यासाठी किती हेलपाटे पडतील याचा नेम नाही.

एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, कर्ज आणि मालकाचं अर्धं झाकलेलं नाव दिसतं. ई-चलनाची थकबाकीही ऑनलाइन कळते. हे सगळं टपरीवर चहा येईपर्यंत होतं. त्यानंतर बोनेट उघडायला सांगावं. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत समोरच्या काचेखालच्या पत्र्यावर १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर ठोकलेला असतो. तो आरसीशी एकेक अक्षर जुळवावा. आसपास ताजा रंग, वेल्डिंग किंवा घासल्याची खूण दिसली तर तिथूनच परत फिरावं.

तीन गोष्टी अशा, की त्या राहिल्या तर पुढचं काम अडतं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलेली हवी. पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आरसीवर तशी नोंद हवी, आणि टाकीची दर ३ वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली हवी. टाकीवरच्या पट्टीवर तारीख असते. तिसरी गोष्ट वयाची. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण, आणि त्यासोबत पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. ‘चाळीस हजारांत देतो’ म्हणणाऱ्या गाडीची पंधरावी दिवाळी जवळ आली असेल, तर भाव कशाने उतरलाय ते कळतं.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांचंही तसंच. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर निघाल्या. इथं आणल्यावर तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर हे सगळं आपल्या माथी येतं.

पत्रा बोलतो

कागद जुळला की पत्रा. दिवसाउजेडी, धुतलेली नसताना गाडी पाहावी. ओल्या पत्र्यावर पोचे दिसत नाहीत.

दाराच्या चौकटीवरची रबरी बीडिंग बोटाने थोडी ओढून बघा. आत पत्र्याच्या कडेला वाटाण्याएवढे गोल खड्डे ओळीने दिसतात. कारखान्यातल्या यंत्राने दोन पत्रे चिमटीत धरून जोडल्याच्या त्या खुणा. त्यांच्यातलं अंतर शाळेच्या वहीतल्या रेघांसारखं सारखं असतं. कुठे ती ओळ तुटली, तिथे खडबडीत वेल्डिंग किंवा गुळगुळीत पुट्टी आली, म्हणजे गाडी तिथे कापून पुन्हा जोडली आहे. दार नवं बसवून लपवता येतं, चौकट लपवता येत नाही. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबकही खिशात असावं. पत्र्यावर ते चिकटतं. रंगाऱ्याने जाड लांबी भरली असेल तिथे सटकतं. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग उडालेला असेल तर ते पाना लावून उघडलेले आहेत. काचांच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणांत वर्ष असतं. पाच काचा २०१२ च्या आणि एकच २०१९ ची असेल तर त्या बाजूला काय झालं होतं हे विचारावं.

बुडालेल्या गाडीसाठी वेगळी परीक्षा. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, जुलै २०२४ मध्ये मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यातूनच भीमेला मिळते. शहराचं पाणी जसं खाली येतं, तशा शहराच्या गाड्याही खालच्या बाजारात येतात. सीट धुता येतात, वास घालवता येतो. पण पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्टीवर गाळाची रेघ असेल, तर पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. स्टेपनीखालचा खोलगा आणि सीटखालचे गंजलेले स्क्रू त्याला दुजोरा देतात.

मीटरवर एवढा भरवसा कुणी ठेवू नये. डिजिटल मीटर यंत्र लावून मागे घेता येतं. ब्रेकच्या पॅडलचं रबर मागे घेता येत नाही. मीटर ४२ हजार दाखवतंय आणि पॅडल तुळतुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, तर गाडी टूरवर चाललेली असू शकते. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा: ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांच्या टायरवर नक्षी कितीही खोल असली, तरी रबर मेलेलं असतं.

इंजिन थंड असताना

विकणाऱ्याला सांगून ठेवावं, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. कोमट लागलं तर का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. गरम इंजिन बऱ्याच खोडी लपवतं.

ऑइलचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखा चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. बहुधा हेड गॅस्केट. मग गाडी सुरू करून सायलेन्सरकडे बघा. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ ठीक, पण ती थांबलीच नाही तर पाणी जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त पडतंय. इंजिन चालू असताना तेच झाकण सैल करून बघा. किंचित हवा येणं चालतं. भका भका धूर झाकण उडवायला लागला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. क्लचसाठी एक जुनी युक्ती: हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. घरघरत चालूच राहिलं तर प्लेट घसरते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल चक्कर मारा. चाकाकडून ‘कट-कट’ आली तर एक्सल वाजतोय.

इंजिनात टायमिंगचा पट्टा आहे की साखळी, हेही विचारावं. जुन्या अल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन आणि सँट्रोचं इंजिन पट्ट्यावर चालतं. अल्टो के-१० ला साखळी आहे. पट्टा रबराचा, साधारण ऐंशी हजार ते लाख किलोमीटरच्या आत बदलावा लागतो, आणि काही इंजिनांत तो धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून भाव बोलावा.

डिझेल छोट्या गाडीचा विषय निघाला, तर त्यातला मोठा धडा इथल्याच मातीतला आहे. शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन तयार व्हायचं. फियाटच्या पुंटोत ते असायचंच, टाटाच्या इंडिका व्हिस्टातही बसलं. मारुती हे इंजिन परवान्यावर स्वतः बनवून स्विफ्टला लावत होती. मागणी पुरेना, तेव्हा २०१२ मध्ये तिनं रांजणगावच्या कारखान्याशीच इंजिनांचा करार केला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि छोट्या गाड्यांतून हे इंजिन गेलं. पण त्यावर हात बसलेले फिटर आणि सुटे भाग या पट्ट्यात मुबलक आहेत. स्वस्त गाडी घेताना हाच निकष लावावा. गावातल्या गॅरेजला जी उघडता येते, ती गाडी स्वस्त. पुंटो स्विफ्टपेक्षा कमी भावात मिळते, दणकटही आहे, पण तिचा हेडलॅम्प फुटला तर तो शोधत फिरावं लागतं.

पेट्रोल गाडीबद्दल एक नवी गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं बरंचसं उसाच्या मळीतून आणि रसातून येतं. उसाच्या पैशावर घेतलेल्या गाडीच्या टाकीत ऊसच जातो म्हणायचा! जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. एव्हरेज थोडं पडतं. पेट्रोलचा वास येत असेल तर नळ्या आधी बदलाव्या.

स्वस्त, पण किती

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या बिना-एअरबॅग आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी घंटी आणि मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. रोज गावातल्या गावात फिरायचं असेल तर जुनी अल्टो चालेल. पण आठवड्यातून दोनदा सोलापूर महामार्गावर जायचं आणि हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या जोडट्रॉल्यांमधून रात्री परतायचं असेल, तर त्या तारखेनंतरची गाडी बघावी, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आता हिशोब. समजा सव्वा लाखाची गाडी. हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दराने वर्षाला २,०९४ रुपये. हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६. अधिक जीएसटी. थर्ड पार्टीचं संरक्षण कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर आपोआप घेणाऱ्याकडे येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यावी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा. तो गाडीबरोबर येत नाही. टायर चारही बदलायचे तर दहा हजारांच्या पुढे, बॅटरी चारेक हजार, ऑइल-फिल्टर-पट्टा वेगळे, आरटीओचा खर्च वेगळा. पंचवीस हजार बाजूला काढूनच भावाला बसावं. म्हणजे सव्वा लाखाचं बजेट असेल तर गाडी लाखाची बघायची.

वरच्या टोकालाही एक कुंपण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या छोट्या गाडीची शोरूम किंमत साडेतीन-पावणेचार लाखांपासून सुरू झाली. वापरलेल्या हॅचबॅकला कुणी तीन लाख मागत असेल तर आधी नवीचा भाव काढावा. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी ती व्यवस्था आली आहे.

पैसे देताना निम्मे आज आणि निम्मे आरटीओत अर्ज दाखल झाल्यावर, असं ठरवावं आणि ते बँकेतून द्यावेत. विकणाऱ्याला हे जड वाटलं तर त्याला २०१८ चा निकाल सांगावा. गाडी नावावरून उतरण्यात त्याचंही तेवढंच हित आहे.

आपल्याकडे गाडी दारात आली की त्याच संध्याकाळी हार घालतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. गाडी दारात आली असली, तरी आरसीवर अजून पिंपरीच्या माणसाचं नाव असतं. पेढे हवे तर त्याच दिवशी वाटा. नारळ मात्र नवं आरसी कार्ड पोस्टाने घरी येईल त्या दिवसासाठी ठेवा.